कॅरॅव्हॅनमधला पलंग वाजतो? आधी आवाज शोधा, मग पान्हा उचला

ताडोब्याच्या मोहर्ली आणि कोलारा गेटकडं, पेंचच्या सिल्लारीकडं, लोणारच्या वाटेवर आता कॅरॅव्हॅन दिसायला लागल्या आहेत. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून लोकांची उत्सुकता वाढली. कुणी भाड्यानं घेतो, कुणी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तालुक्याच्या फॅब्रिकेटरकडून आत पलंग, ओटा, कपाटं बसवून घेतो. गाडी कशीही आलेली असो, वर्षभर आपल्या रस्त्यांवर आणि आपल्या उन्हात फिरली की एक तक्रार हमखास येते. कूस बदलली की पलंग वाजतो, आणि एकाच्या कुशीनं सगळी गाडी जागी होते.

हा आवाज घरच्या घरी जातो. नवा पलंग लागत नाही. लागतो तो थोडा धीर, आणि तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं किरकोळ सामान. ज्यांनी आजवर हातात पान्हा धरला नाही त्यांच्यासाठी हे लिहितो आहे, म्हणून क्रम सोडू नका. बहुतेक जण थेट तेलाची बाटली उचलतात आणि तिथंच काम बिघडतं.

पलंग वाजतो कशामुळं

आवाजाला दोन वस्तू लागतात. त्या एकमेकींना टेकलेल्या असाव्या लागतात आणि वजन पडल्यावर केसभर सरकाव्या लागतात. सरकताना त्या मध्येच अडकतात, सुटतात, पुन्हा अडकतात. ओलं बोट स्टीलच्या ताटाच्या कडेवर दाबून फिरवलं की जे होतं तेच इथं लाकडावर लाकूड, लाकडावर लोखंड किंवा खिळ्यावर प्लाय घासताना होतं. म्हणून उपाय तीनच उरतात. वस्तू हलूच नये इतकी पक्की करायची, दोघींच्या मध्ये मऊ काहीतरी घालायचं, किंवा घासण्याची जागा गुळगुळीत करायची. याच क्रमानं जायचं. पहिला उपाय जमत नसेल तरच दुसरा, आणि तिसरा अगदी शेवटी.

घरातला पलंग एका जागी उभा असतो. गाडीतला पलंग मुरमाच्या रस्त्यावरून, गावागावच्या गतिरोधकांवरून रोज थरथरत जातो, त्यामुळं नट आपोआप फिरून सैल होतात. त्यात आपलं हवामान. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडं पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि हवेत ओल नसते. उन्हात बंद उभ्या केलेल्या गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त तापतं. लाकूड सुकतं आणि आडव्या अंगानं आकसतं. लांबीत ते जवळजवळ बदलत नाही, रुंदी आणि जाडी कमी होते. बोल्टनं आवळलेली फळी बारीक झाली की बोल्ट आपोआप सैल. मग जून-जुलैत हवा ओली होते, तीच फळी फुगते, नटाच्या आणि वॉशरच्या खाली दाबली जाते आणि तिथले रेषे कायमचे चेपतात. पुढच्या उन्हाळ्यात ढिलाई आणखी वाढलेली असते. म्हणून 'मागच्या वर्षी तर वाजत नव्हता' ही तक्रार अगदी खरी असते.

सागवान या बाबतीत कमी त्रास देतं, ते ओलीनं फार फुगत-आकसत नाही. आलापल्ली-बल्लारशाकडच्या सागवानाची ख्याती उगाच नाही. पण कॅरॅव्हॅनमध्ये वजन आणि खर्च दोन्ही वाचवायचे असतात, त्यामुळं तिथं बहुतेक वेळा प्लाय, पार्टिकल बोर्ड, पाइनच्या पट्ट्या आणि लोखंडी चौकोनी पाइप असतो.

पहिलं काम: गाडी सपाट उभी करा

पलंगाला हात लावायच्या आधी गाडी कशी उभी आहे ते बघा. एक चाक खड्ड्यात आणि दुसरं चढावर असेल तर गाडीचा सांगाडा किंचित पिळतो, त्याला स्क्रूनं जोडलेला पलंगही पिळतो, आणि ज्या सांध्यांवर एरवी ताण नसतो ते बोलायला लागतात. सपाट जागी आणली की कैक पलंग गप्प होतात.

पातळी बघायला छोटी स्पिरिट लेव्हल घ्या. ती पलंगाच्या फळीवर एकदा लांबीत आणि एकदा रुंदीत ठेवा. मोबाइलमधली लेव्हलही चालते, फक्त मोबाइलचं कव्हर काढा. बुडबुडा मध्ये येईपर्यंत खालच्या चाकाखाली जाड फळी सरकवून गाडी तिच्यावर चढवा. हँडब्रेक ओढा आणि चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडाची ओट लावा. कोपऱ्यांना खाली सोडायचे आधाराचे पाय असतील तर ते फक्त जमिनीला घट्ट टेकवायचे. ते गाडी डोलू नये म्हणून असतात. त्यांच्यावर गाडी उचलायची नाही.

आपल्याकडची काळी माती इथं खास लक्षात ठेवायची. कापसाच्या वावराच्या धुऱ्यावर संध्याकाळी गाडी सपाट उभी केली, रात्री पाऊस आला, की माती भिजून मऊ होते आणि एक चाक हळूहळू रुततं. झोपताना शांत असलेला पलंग दोन वाजता वाजायला लागतो आणि माणूस सकाळी उठून स्क्रू आवळत बसतो. पावसाळ्यात काळ्या मातीत उभं राहायचंच असेल तर चारही चाकांखाली रुंद फळ्या घाला. मुरूम टाकलेली जागा मिळत असेल तर तीच घ्या.

दुसरं: आवाज पलंगाचा की गाडीचा?

हे नवख्यांना सुचतच नाही. आत माणूस वळला की सगळी गाडी किंचित डोलते. गाडीच्या खाली कमानीचे पाटे असतात, त्यांना रबरी बुश असतात. पाट्यांमध्ये माती-गंज बसला किंवा बुश वाळला की डोलताना तिथून नेमका पलंगासारखा आवाज येतो, आणि तो पत्र्यातून चढून उशीखाली ऐकू येतो.

तपासणी सोपी आहे. आतून सगळ्यांना बाहेर काढा, दार लावा, आणि बाहेरून दोघांनी गाडीला मागच्या कोपऱ्यावर तळहातानं दाबून लयीत डोलवा. रिकाम्या गाडीतूनही तोच आवाज आला आणि तो चाकाजवळ मोठा ऐकू येत असेल, तर पलंगाचा दोष नाही. हे काम गॅरेजवाल्याचं. कमानी धुऊन, बुश बघून तो सांगेल. जॅकवर उचललेल्या गाडीखाली स्वतः शिरू नका. आणि जंगलाला लागून मुक्काम असेल तर अंधार पडल्यावर खाली वाकून कमानी बघायचा उत्साह सकाळपर्यंत राखून ठेवा.

तिसरं: गादी बाजूला काढा

गादी बाहेर जमिनीवर चटई टाकून ठेवा आणि तिच्यावर लोळून बघा. स्प्रिंगची गादी असेल तर आवाज तिच्याच पोटातून येत असू शकतो. काथ्याची गादी जुनी झाली की करकरते. गादीचाच आवाज असेल तर पुढचं काहीच वाचायची गरज नाही, गादी बदला. वऱ्हाडात चांगल्या कापसाची गादी भरून मिळते आणि तिच्यातून आवाज येत नाही. वजनाला मात्र ती भारी असते आणि पावसाळ्यात ओल धरते, त्यामुळं ऊन मिळालं की तिला बाहेर काढावं लागतं.

गादी गप्प, पण उघडी फळी वाजते? मग आता खरं काम.

चौथं: खालचा कप्पा रिकामा करा, पण सांभाळून

कॅरॅव्हॅनच्या पलंगाखाली सगळं कोंबलेलं असतं. पाण्याची टाकी, इन्व्हर्टर, बॅटरी, गॅसची नळी, चपला, बादली. यातलीही एखादी वस्तू वाजत असते. टाकीच्या पट्ट्याचं बक्कल पलंगाच्या पायाला लागून टकटक करतं, हे मी कितीदा तरी पाहिलं आहे.

हात आत घालण्याआधी टॉर्च मारा. गाडी काही दिवस शेतात उभी असेल, आणि त्यातून पावसाळा असेल, तर विंचू आणि मण्यार कोरड्या कोपऱ्यात येऊन बसतात. हातमोजे घाला, सामान काठीनं आधी हलवा. लहान मुलांना या कामात घेऊ नका.

त्यानंतर वीज. बॅटरीचं कनेक्शन सोडवा, ऋण बाजूची तार आधी काढायची. गॅसची टाकी बंद करा. पुढं तुम्ही याच जागेत ड्रिल आणि स्क्रू चालवणार आहात, आणि प्लायच्या मागून वायर किंवा नळी कुठून गेली आहे ते बघितल्याशिवाय एकही भोक पाडायचं नाही.

पलंगाची फळी वर उचलणारी असेल तर तिला लाकडाचा मजबूत टेका लावा. फळी उचलून धरायला बसवलेल्या गॅसच्या दांड्यांवर (आत दाबाखाली गॅस भरलेल्या आधाराच्या नळ्यांवर) भरवसा ठेवून खाली डोकं घालू नका. जुने झाले की ते न सांगता बसतात.

पाचवं: नेमकी जागा शोधा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. जागा सापडली की दुरुस्ती फार झटपट होते, आणि नाही सापडली तर दिवसभर नुसते स्क्रू आवळत बसाल.

दोन माणसं लागतात. एकानं उघड्या फळीवर आडवं व्हायचं आणि दुसऱ्यानं खाली कान लावायचा. वरच्यानं एकदम उड्या मारू नयेत. रात्री होतं तसंच करावं. हळू कूस बदलावी, मग एका कोपरावर भार देऊन उठावं, मग काठावर बसावं. कोणत्या हालचालीला आवाज येतो ते आधी ठरवा आणि मग तीच हालचाल पुन्हा पुन्हा करा. मोहर्लीकडच्या एका फार्महाउसवर मालकीणबाई मिस्त्रीला म्हणाल्या, "दादा, हा पलंग रातभर वाजून रायला, पण तुमी आले की गप्प बसते." मिस्त्री सकाळी गारव्यात आला होता. आवाज ज्या वेळेला येतो त्याच वेळेला शोधावा. उन्हाळ्यात गाडी दिवसभर तापल्यावर, संध्याकाळी. तेव्हा लाकूड आकसलेलं असतं आणि ढिले सांधे उघडे पडतात.

आवाजाची जातही बघा. लांब 'कुर्र' असेल तर दोन सपाट पृष्ठभाग घासत आहेत, बहुतेक पट्टी आणि चौकट. तीक्ष्ण 'चुंई' असेल तर लोखंडावर लोखंड, म्हणजे बिजागरी किंवा बोल्ट. एकच कोरडा 'टक' असेल तर काहीतरी सुटलेलं आहे आणि वजन पडल्यावर आपल्या जागी बसतं आहे, जसं सैल बोल्ट, तुटलेलं वेल्डिंग किंवा प्लायमधून निसटलेला स्क्रू.

कान लावूनही कळत नसेल तर एक लांब स्क्रू-ड्रायव्हर घ्या. त्याचं टोक संशयाच्या सांध्यावर टेकवा आणि मूठ कानामागच्या हाडाला लावा. खरा सांधा असेल तर आवाज थेट डोक्यात येतो. दुसरी युक्ती म्हणजे सांधा हातानं घट्ट दाबून धरायचा आणि वरच्याला वळायला सांगायचं. आवाज बंद झाला तर तोच सांधा.

आता डोळे. टॉर्च आडवी धरून, म्हणजे उजेड पृष्ठभागाला घासून जाईल अशी, प्रत्येक सांधा बघा. जिथं घासतं तिथं लाकूड चकचकीत झालेलं असतं, कधी काळसर. पाइपचा रंग नखाएवढ्या जागेत उडालेला असतो. आणि भुकटी बघा. ही भुकटी खूप काही सांगते. सांध्याच्या अगदी खाली, रेघेत पडलेली भुकटी घासल्याची असते. राखाडी-काळी असेल तर लोखंडाची. पण पिठासारखी बारीक, पिवळसर, छोट्या ढिगात पडलेली आणि तिच्या वर लाकडात टाचणीएवढी गोल भोकं असतील तर घुण लागला आहे. मातीची पापुद्रेदार नळी दिसली तर वाळवी. घुण किंवा वाळवी लागलेली फळी आवळून काही होत नाही. ती बदलायची, आणि शेजारच्या लाकडावर औषध मारून घ्यायचं.

सापडलेल्या प्रत्येक जागेवर खडूनं खूण करा. एकापेक्षा जास्त जागा निघणं नेहमीचं आहे.

सामान

१०-११ आणि १२-१३ चे पान्हे (६ मिलिमीटरच्या बोल्टला १० नंबर लागतो, ८ मिलिमीटरच्या बोल्टला १३), चांगला स्क्रू-ड्रायव्हर, हाताचं किंवा बॅटरीचं ड्रिल, ३ मिलिमीटरचं बिट, लाकडाचं फेविकॉल, रुंद वॉशर आणि स्प्रिंग वॉशर, नायलॉक नट, पॉलिश पेपर, मेणबत्ती, फेल्टची (नमद्यासारख्या जाड, मऊ कापडाची) पट्टी. फेल्ट तालुक्याला मिळाली नाही तर पंक्चरवाल्याकडून सायकलची जुनी ट्यूब मागून घ्या.

सहावं: दुरुस्ती

*सैल नटबोल्ट.* यांच्यापासून सुरुवात करा. खुणा नसलेले बोल्टही सगळे एकदा फिरवून बघा. नुसते आवळले तर पुढच्या शंभर-दीडशे किलोमीटरमध्ये पुन्हा सुटतील, म्हणून नट काढून त्याच्या जागी नायलॉक नट घाला. त्याच्या आत नायलॉनचं कडं असतं, ते थरथरीनं नट फिरू देत नाही. लाकडाच्या बाजूला रुंद वॉशर हवाच. छोटा वॉशर लाकडात घुसतो आणि आपण आवळतच राहतो. आवळायचं ते हाताला घट्ट लागेपर्यंत आणि वर पाव फेरा. जोर लावून लाकूड चेपू नका. चेपलेलं लाकूड परत वर येत नाही.

*खिळे.* गावातल्या घाईच्या कामात पट्ट्या खिळ्यांनी ठोकलेल्या असतात. लाकूड सुकलं की खिळा भोकात वरखाली सरकतो आणि ओरडतो. तोच खिळा पुन्हा ठोकल्यानं चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. खिळा उपटा आणि शेजारी स्क्रू घाला. ८ नंबरच्या स्क्रूसाठी आधी ३ मिलिमीटरचं भोक पाडा. वरच्या पट्टीतलं भोक थोडं मोठं, म्हणजे स्क्रू आरपार सहज जाईल असं ठेवा. तेव्हाच स्क्रूचं डोकं पट्टीला खाली ओढून घट्ट बसवतं. दोन्हीकडं एकच बारीक भोक असेल तर दोघांमध्ये फट राहते आणि आवाजही राहतो. स्क्रूची लांबी दोन्ही जाडींच्या बेरजेपेक्षा कमी हवी. १८ मिलिमीटर प्लायवर १२ मिलिमीटरची पट्टी म्हणजे ३० मिलिमीटर, तिथं २५ चा स्क्रू बास.

*फिरत राहणारा स्क्रू.* स्क्रू फिरतो पण आवळत नाही, म्हणजे भोक मोठं झालं. इथं लोक जाड स्क्रू घालतात, त्यानं कधीकधी प्लाय फुटतो. त्यापेक्षा भोक भरून घ्या. गडचिरोली-चंद्रपूरकडं बांबूला तोटा नाही. बांबूच्या बारीक काड्या चिरा आणि त्यांची वरची गुळगुळीत साल खरवडून टाका, कारण त्या सालीवर फेविकॉल धरत नाही. काड्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकात गच्च ठोका. बांबू नसेल तर गुल काढलेल्या आगकाड्या चालतात, फक्त त्या मऊ असतात. रात्रभर, जमलं तर पूर्ण दिवस वाळू द्या. मग वर आलेला भाग कापा, ३ मिलिमीटरचं नवं भोक पाडा आणि जुनाच स्क्रू घाला. तो नव्यासारखा धरतो.

पार्टिकल बोर्डाला हा उपाय फार टिकत नाही, विशेषतः बोर्ड पाणी पिऊन फुगला असेल तर. तिथं आरपार बोल्ट, दोन्ही बाजूंना रुंद वॉशर. आणि बोर्डावर पाणी येतं कुठून ते शोधा. पहिल्या पावसात खिडकीच्या रबराखालून गळतं, ते आधी थांबवलं नाही तर दुरुस्ती दोन महिन्यांत वाया जाईल.

*पट्ट्या आणि चौकट.* गादीखालच्या आडव्या पट्ट्या चौकटीच्या खाचेत किंवा रिपेवर नुसत्या टेकलेल्या असतात. वळताना त्या वाकतात आणि टोकं घासतात. त्यांना स्क्रूनं पक्कं करता येतं, पण मग लवचीकपणा जातो आणि झोप कडक लागते. मला इथं दुसरा उपाय बरा वाटतो. पट्टी बाहेर काढा, दोन्ही टोकांचा चकचकीत झालेला भाग पॉलिश पेपरनं साफ करा, आणि ती जिथं टेकते त्या रिपेवर फेल्टची पट्टी चिकटवा. सायकलच्या ट्यूबची पट्टी घेतली तर ती आधी साबणानं धुऊन वाळवा आणि टोकांना बारीक चुका ठोकून ताणून बसवा. सैल रबर स्वतःच चुंई करतं. पट्टीच्या कडेवर, खाचेला लागते तिथं, मेणबत्ती घासा. मेण कोरडं असतं, धूळ धरत नाही. आपल्या उन्हात गाडी तापली की ते थोडं मऊ होऊन पसरतं, म्हणून उन्हाळ्याच्या अखेरीला पुन्हा एकदा घासावं लागतं. एखादी पट्टी तडकली असेल तर तिच्यावर फळीचा तुकडा ठोकून भागवू नका, ती बदला.

*लोखंडी पाइपची चौकट.* प्लाय थेट पाइपवर बसवलेला असेल तर मध्ये फेल्ट किंवा ट्यूब घालून स्क्रू पुन्हा आवळा. 'टक' असा आवाज पाइपच्या सांध्यातून येत असेल तर वेल्डिंग बघा. रंगाच्या वर केसासारखी रेघ आणि तिच्यातून गंजाचा ओघळ दिसला तर वेल्डिंग तडकलं आहे. हे गाडीच्या आत वेल्ड करू देऊ नका. शेजारी गादी, फोम, प्लाय आणि वायरी असतात. चौकट सोडवून बाहेर काढायची, बाहेर वेल्ड करायची, गंजावर प्रायमर आणि रंग मारून पुन्हा बसवायची. फॅब्रिकेटर म्हणेल, "भाऊ, दोन मिनिटाचं काम हाय, आतच मारून देतो." तरी बाहेरच काढून घ्या.

*भिंत आणि कपाट.* पलंग तीन बाजूंनी भिंतीला लागून असतो. चौकट आणि भिंतीच्या पॅनेलमध्ये नख जाईल इतकीही फट नसेल तर प्रत्येक कुशीला तिथं घासतं. जमत असेल तर पलंग ३ ते ५ मिलिमीटर सरकवा. जमत नसेल तर फटीत फेल्ट सरकवा. भिंतीत नवा स्क्रू मारताना फार सावध राहा. पॅनेलच्या मागं जेमतेम थोडी पोकळी आणि मग बाहेरचा पत्रा असतो. पत्र्याला भोक पडलं की पावसाळ्यात त्यातून पाणी आत येतं, आणि ते भोक नंतर सापडता सापडत नाही.

*उचलायचा पलंग आणि बैठकीचा पलंग.* बिजागरीची पिन साफ पुसून तिला सिलिकॉन स्प्रे किंवा किंचित ग्रीस द्या, जास्तीचं फडक्यानं टिपून घ्या. गॅसच्या दांड्याच्या चकचकीत भागाला तेल-ग्रीस लावू नका, त्यावर धूळ बसून सील कापतं. दांडा उघडायचा, भोक पाडायचा किंवा तापवायचा तर विचारही नको, आत दाबाखाली गॅस असतो. फक्त दोन्ही टोकांचे सांधे घट्ट आहेत का बघा. दिवसा बसायची सीट आणि रात्री पलंग अशी सोय असेल, आणि त्या सीटला सीटबेल्ट असेल, तर बेल्टच्या आणि सीटच्या मुळाच्या बोल्टांना हात लावू नका. ते काम गाडी बांधणाऱ्याचं.

तेलाबद्दल

"थोडं तेल सोडा, गप्प बसेल," हा सल्ला सगळीकडं मिळतो. खोबरेल किंवा फल्लीतेल (शेंगदाण्याचं तेल) लाकडात मुरतं, दोन रात्री शांतता मिळते, मग मुरमाची बारीक धूळ त्यावर बसून चिकट लगदा होतो आणि मुंग्या येतात ते वेगळंच. एकदा लाकूड तेल प्यालं की तिथं फेविकॉल धरत नाही, म्हणजे पुढची पक्की दुरुस्तीही तुम्ही स्वतःच अवघड करून ठेवता.

जवसाच्या तेलाचं तर वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडं जवस पिकतं आणि घरात तेल असतं. जवसाचं तेल हवेत सुकून घट्ट होतं. लाकडाला पॉलिश म्हणून ते उत्तम, वंगण म्हणून निकामी. आणि त्यात भिजलेल्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकल्या तर त्या सुकताना आतून तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. मे महिन्याच्या उन्हात, बंद गाडीत, गादीशेजारी अशी चिंधी राहिली तर काय होईल याची कल्पना करा. असं तेल वापरलंच तर चिंध्या गाडीबाहेर मोकळ्या पसरून वाळवा, किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

लाकडाला मेण, बिजागरीला सिलिकॉन किंवा ग्रीस, बाकी कशालाच काही नाही.

मिस्त्रीला कधी बोलवायचं

लांबीची मुख्य पट्टी किंवा पाइप तडकलेला असेल, भिंतीतून पलंगाचे स्क्रूच उपटून आले असतील, किंवा पलंगाखालची जमीन पायाला मऊ लागत असेल तर पुढं जाऊ नका. मऊ जमीन म्हणजे खालचा प्लाय कुजला आहे, आणि त्यावर झोपणं धोक्याचं आहे. गाडी भाड्याची असेल तर एकही स्क्रू फिरवण्याआधी मालकाला फोन करा. सुताराला बोलावताना खडूच्या खुणा पुसू नका आणि कोणत्या हालचालीला आवाज येतो ते त्याला करून दाखवा. त्याचा अर्धा वेळ वाचतो आणि तुमचे पैसेही.

सातवं: पुन्हा तपासणी

सगळं बसवल्यावर गादी टाकण्याआधी तीच हालचाल तशीच करून बघा. मग प्रत्येक नटावर आणि त्याच्या शेजारच्या लाकडावर मिळून परमनंट मार्करनं एक सरळ रेघ ओढा. नट फिरला की रेघ तुटलेली दिसते, पान्हा न लावताही टॉर्चच्या उजेडात कळतं. गाडी थोडी मुरमाच्या रस्त्यावरून फिरवून आणा आणि रेघा बघा. त्यानंतर पुढच्या लांब फेरीच्या आधी एकदा.

वर्षाचं वेळापत्रक आपल्याकडं आपोआप जमतं. ताडोब्याचा गाभा १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो, गाड्या थोड्या निवांत असतात. मोठी दुरुस्ती, म्हणजे पट्ट्या बदलणं, भोकं भरणं, चौकट बाहेर काढणं, तेव्हा काढा. फक्त फेविकॉलला त्या ओल्या हवेत वाळायला दुप्पट वेळ द्या, आणि बोल्ट तेव्हा एकदम गच्च आवळू नका, कारण लाकूड त्या वेळी फुगलेलंच असतं. एप्रिलमध्ये, उन्हाळी गर्दी सुरू व्हायच्या आधी, लाकूड पुरतं सुकलं की पान्हा घेऊन सगळे नट एकदा पुन्हा बघा. जिथं रेघ तुटली असेल तिथं नट आवळा, जुनी रेघ पुसा आणि नवी ओढा.